घराचा फोटो नको

नवी मुंबईत, नेरूळच्या सारसोळे गावात चेहऱ्याचा फोटो काढायला सहसा कुणी नकार देत नाही. नकार मिळतो तो घराच्या फोटोला. ओट्यावर बसून करंदी निवडणारी बाई कॅमेरा पाहून पदर नीट करते, हातातले काम न थांबवता माझ्याकडे एकदा बघून घेते आणि पुन्हा टोपलीत लक्ष घालते. ही तिची संमती असते. पण तिच्यासोबत तिचा ओटा, दरवाजा आणि वरच्या स्लॅबमधून आकाशात गेलेल्या लोखंडी सळया चौकटीत याव्यात म्हणून मी चार पावले मागे सरले, की आवाज बदलतो. ‘घर नको गो काढू. मना काढ पायजे तर.’ छायाचित्रण शिकताना माणसांचे फोटो काढण्याच्या रीतीबद्दल बरेच काही सांगितले जाते. आधी बोला, मग कॅमेरा काढा, लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा, दुःखाच्या प्रसंगी दूर राहा, असे ते नियम असतात. भिंतीची परवानगी चेहऱ्याच्या परवानगीपेक्षा अवघड असू शकते, हे मात्र त्यात कुठेही नव्हते. ते नवी मुंबईतल्या गावठाणांत गेल्यावरच कळते, आणि ते कळायला या शहराच्या जमिनीचा इतिहास थोडा तरी माहीत असावा लागतो.

मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. पुढे १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर या शहराचा आराखडा बेतला गेला. भातशेती, मिठागरे, खाजणे, गुरचरण असे जे काही गावाभोवती होते ते संपादनात गेले आणि गावठाणाच्या रेषेच्या आतली घरे तेवढी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये, जमिनी गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्याची फलश्रुती मानली जाते. तोवर कुटुंबे वाढली होती, मुलांची लग्ने झाली होती, आणि गावठाणाची हद्द मात्र वाढली नव्हती. मग लोकांनी हद्दीला लागून, कधी हद्दीबाहेर, एकावर एक मजले चढवत घरे बांधली. या घरांना सरकारी कागदांतही आणि मोर्चाच्या घोषणांतही एकच नाव आहे : गरजेपोटी बांधलेली घरे. ती नियमित करण्याचे शासन निर्णय वेगवेगळ्या सरकारांच्या काळात निघत आले आणि दुसरीकडे नोटिसाही निघत आल्या. अशा घरासमोर उभे राहून कुणी अनोळखी व्यक्ती कॅमेरा डोळ्याला लावते, तेव्हा घरातल्या माणसाला त्या फोटोत सळया, मजला आणि गटारावर पुढे आलेली पायरी दिसते. हा फोटो उद्या कोणत्या फायलीत लागेल, ही त्याची काळजी असते. मोजणीवाले आले तेव्हा त्यांच्याकडे कॅमेरा होता, कर आकारणीवाले आले तेव्हा होता, पाडकामाच्या पथकाबरोबर तर असतोच. कॅमेऱ्याची ओळख या गावांना अशीच झालेली आहे, आणि मी कितीही गोड बोलले तरी ती पुसली जाणार नाही.

मी स्वतः सोलापूरकडची. नोकरीसाठी नवी मुंबईत आले तेव्हा सुरुवातीची वर्षे मी अशाच एका गरजेपोटी बांधलेल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिले होते. जिना इतका अरुंद होता की कपाट वर चढवताना त्याचे दरवाजे काढावे लागले. घरमालकीण मावशी पहिल्या मजल्यावर राहत. भाडे वेळेवर दिले की त्या कधीमधी चिंबोरीचे कालवण वाटीतून वर पाठवत आणि उशीर झाला की जिन्यातच गाठत. त्या काळात मला या गावात कुणी परके मानले नाही. गावठाणातल्या निम्म्याहून अधिक खोल्यांत तरी माझ्यासारखेच लोक असावेत असे वाटे : मराठवाड्यातले, विदर्भातले, उत्तर प्रदेशातले, नेपाळचे चौकीदार, महाप्याच्या कंपन्यांत शिकाऊ म्हणून लागलेली मुले. आम्ही भाडोत्री होतो, आणि भाडोत्र्याला गावात एक निश्चित जागा असते. तो भाडे देतो, पाण्यावरून भांडतो, होळीला वर्गणी देतो आणि एक दिवस खोली सोडून जातो. त्याच्याबद्दल कुणाला कोडे पडत नाही.

पुढे आम्ही नेरूळमध्येच, सिडकोने आखलेल्या एका सेक्टरात, सदनिका घेतली. गाव चालत जाण्याच्या अंतरावर राहिले. कॅमेरा त्यानंतर आला, आणि तो गळ्यात अडकवून मी त्याच गल्लीत गेले तेव्हा मी पहिल्यांदा बाहेरची झाले. हा बदल मला बराच काळ उमगला नव्हता. मी आता भाडे देत नव्हते, मासे घ्यायला आले असेही दिसत नव्हते, तरी मला काहीतरी हवे होते आणि त्याच्या बदल्यात मी काय देणार हे कुणालाच, मलाही, सांगता येत नव्हते. बाजारात बसणाऱ्या एका मावशींनी तो हिशेब सरळ करून टाकला. ‘फोटो काढायचा तर आधी म्हावरा घे.’ मी बोय घेतले. त्या दिवशीचे फोटो बरे आले.

परकेपणाबद्दल जे लिहिले जाते त्यात तो एक मनोवस्था म्हणून येतो. पाहुणा संकोचतो, हळूहळू रुळतो, लोक त्याला आपलेसे करतात आणि मग खरे फोटो मिळू लागतात, असा तो प्रवास असतो. नवी मुंबईत मला हा प्रवास पटत नाही. माझे परकेपण सातबाऱ्यात नोंदलेले आहे. माझी इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे एके काळी कुणाचे तरी भाताचे खाचर होते, आणि त्या ‘कुणाचे तरी’ची नातवंडे याच गावात राहतात. मी कितीही रुळले, कालवण कितीही वेळा खाल्ले, तरी हे अंतर मिटणार नाही आणि ते मिटल्यासारखे फोटोत दाखवणे मला लबाडीचे वाटते. त्या अंतरावरून काय दिसते आणि काय दिसत नाही, एवढेच पाहता येते.

दिसत नाही ते बरेचदा वेळापत्रकामुळे. छायाचित्रकाराचा दिवस उन्हावर चालतो. पहाटेनंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तासाभराचा मऊ उजेड त्याला हवा असतो. खाडीचा दिवस चंद्रावर चालतो. जेट्टीवर भेटणाऱ्या काकांनी मला भरतीची वेळ काढायची जुनी रीत शिकवली : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मोबाइलवरच्या तक्त्याशी मी हे ताडून पाहिले आहे. थोडा फरक पडतो, पण होडी काढणाऱ्याला तेवढा चालतो. आता या गणिताचा फोटोवर होणारा परिणाम पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते. म्हणजे छायाचित्रकाराचा लाडका उजेड आणि उघडा पडलेला चिखल एकाच वेळी मिळतात, आणि चिखलावरचे सोनेरी तवंग, रुतलेल्या होड्या, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, वेचणाऱ्या वाकलेल्या आकृती असे फोटो निघतात. अष्टमीला हेच उलटते. मऊ उजेडात खाडी काठोकाठ भरलेली असते, आणि चिखलात उतरून करायची कामे ऐन दुपारी, बाराच्या उन्हात चालतात. तेव्हा टोपीच्या सावलीत चेहरे काळे पडतात, पाणी पांढरे जळते, आणि कॅमेरेवाले घरी जेवत असतात.

याचा अर्थ असा की केवळ चांगल्या उजेडाच्या मागे जाणाऱ्याच्या संग्रहात महिन्यातले ठरावीकच दिवस येतात. त्याच्या फोटोंत या बायका नेहमी सोन्यासारख्या उजेडात काम करतात. दुपारच्या उन्हात, डोक्यावर ओले फडके टाकून, पायाला कालवांची धार लागू नये म्हणून जुने मोजे घालून, गुडघाभर चिखलात चार तास वाकून राहणे हे या धंद्याचे खरे रूप त्यात येत नाही. मी अष्टमी-नवमीच्या दुपारी मुद्दाम जाऊ लागले. फोटो दिसायला वाईट आले. उजेड कठोर होता, सावल्या तुटक होत्या आणि माझा स्वतःचा घाम व्ह्यूफाइंडरवर पडत होता. पण तिथे चिखलात काम करणाऱ्या एका काकूंनी ते पाहून ‘ह्यो बरोबर हाय’ असे म्हटले. सकाळचे सोनेरी फोटो पाहून त्या नुसत्या हसल्या होत्या.

कोळी समाजाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे त्यांची चित्रे आधीच फार झालेली आहेत. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड काढले. त्यात देशभरातल्या जातीजमातींची छायाचित्रे आणि प्रत्येकीच्या स्वभावाचे, उपयुक्ततेचे व निष्ठेचे वर्णन होते. एका माणसाचा चेहरा दाखवून अख्ख्या समाजाबद्दल बोलण्याची ती पद्धत साहेबाबरोबर गेली नाही. कॅलेंडरवरची कोळीण, पर्यटनाच्या फलकावरची कोळीण, शाळेच्या स्नेहसंमेलनात टोपली घेऊन नाचणारी चार वर्षांची कोळीण हे सगळे त्याच घराण्यातले आहे. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत सोनेरी कागद चिकटवलेल्या नारळामागे जितकी माणसे चालतात तितकेच कॅमेरे त्यांच्यापुढे उलटे चालत असतात. लोकही त्या दिवशी त्या चित्रासाठी सजतात, आणि त्यात काही गैर नाही. उत्सवाच्या दिवशी आपण कसे दिसावे हे त्यांनी स्वतः ठरवलेले असते आणि कॅमेऱ्याला हवे ते पुरवण्यात त्यांना यजमानाचा आनंद असतो. मी त्या दिवशी कॅमेरा नेत नाही, एवढेच. माझी तिथे गरज नसते.

याउलट शेजारच्या आगरी समाजाचे असे कोणतेच चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर नाही. ‘आगरी-कोळी’ असा जोडशब्द आपण सहज वापरतो, पण त्यातला कोळी डोळ्यांपुढे उभा राहतो आणि आगरी राहत नाही. भातशेती आणि मीठ पिकवणे हा त्यांचा धंदा. ती शेती आणि बरीचशी मिठागरे शहराखाली गेली, आणि जो धंदाच उरला नाही त्याचा फोटो कोण काढणार? कोळ्यांची खाडी मळली, आटली, तरी ती आहे. जाळे आहे, होडी आहे, चित्राला आधार आहे. आगऱ्याच्या हातात आज डंपरचे स्टिअरिंग आहे, कंत्राटाची फाइल आहे, नाहीतर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा कागद आहे. २४ जून २०२१ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घालायला लोक जमले, तेव्हा मोर्चातल्या कितीतरी छात्यांवर, टोप्यांवर आणि फलकांवर त्यांचा चेहरा होता. या समाजाने स्वतःसाठी निवडलेले छायाचित्र कोणते, असे मला कुणी विचारले तर मी त्या चेहऱ्याकडे बोट दाखवीन. ते बाहेरच्या कुणी टिपलेले लोकजीवन नाही. ज्याने जमिनीचा भाव मागितला त्याचा तो चेहरा आहे.

थंडी सरत आली की नेरूळच्या पाणथळींवर कॅमेऱ्यांची दुसरी फौज येते. ठाणे खाडीत ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, आणि नवी मुंबईने स्वतःला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवून घेत भिंती गुलाबी रंगवल्या. करावे गावाच्या बाजूला रविवारी सकाळी हातभर लांबीच्या लेन्सा ओळीने उभ्या असतात. त्यांचा मला राग नाही. पक्ष्यांच्या जागा वाचवण्याच्या लढ्यात त्यांच्या फोटोंचा उपयोग झालेला आहे. फक्त एक गोष्ट तिथे रोज घडते : पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकून परतणारा माणूस त्यांच्या चौकटीत शिरला की दहा जण एकदम कॅमेरा खाली घेतात आणि तो जाईपर्यंत थांबतात.

मीदेखील थांबत असे, पण इमारतींसाठी. पाम बीच रस्त्याच्या कडेच्या उंच इमारती खाडीतून कुठूनही दिसतात आणि कोणत्याही जुन्या होडीच्या मागे काचेचा एक मनोरा उभा राहतोच. तो टाळण्यासाठी मी खाली बसून, कोन बदलून, तिवरांची आडोशाची जागा शोधून फोटो घ्यायची, आणि त्या कसरतीचा मला अभिमानही होता. एकदा चिखलातून परतणाऱ्या काकूंचा असा फोटो मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. मागे फक्त तिवरे आणि आकाश. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारले, ‘ह्यो कुठला? अलिबागचा?’ मग जिथे उभ्या होत्या तिथेच वळून त्यांनी मला जागा दाखवली. ‘हितशी काढ. मागचे टावर येव दे त्यान. नाय त कोन बोलंल आमी नेरूलचे?’

तो फोटो मी काढला. डोक्यावर पाटी घेतलेल्या काकू डाव्या बाजूला, आणि उजवीकडे त्यांच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर, तिरक्या रेषेत बाल्कन्यांची रांग. रचनेच्या दृष्टीने तो आजही मला जड वाटतो. मनोरे नजर खेचून घेतात आणि काकूंच्या चेहऱ्यावर ती परत आणायला प्रयास पडतात. पण त्यांचा मुद्दा रचनेचा नव्हताच. इमारती कापल्या की त्या बाई काळाबाहेरच्या होतात, कुठल्याही किनाऱ्यावरच्या आणि कुठल्याही शतकातल्या होतात. इमारती आल्या की त्या विशिष्ट गावच्या, आत्ताच्या आणि अजूनही इथेच असलेल्या ठरतात. बाहेरच्या माणसाला निखळ गाव हवे असते, कारण शहर त्याच्या घरी आहेच. गावच्या माणसाला शहर चौकटीत हवे असते, कारण त्याचे म्हणणेच त्या शहराशी आहे. मी आता दोन्ही फोटो घेते. इमारती नसलेला माझ्यासाठी, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. डोळ्याला जे आवडते ते वादाने बदलत नाही.

गावात फोटो काढणारी मी एकटी नाही, हे मला उशिरा कळले. आगरी-कोळी हळदी आणि लग्ने हा इथला मोठा व्यवसाय आहे, आणि ती टिपणारी मुले याच गावांतली आहेत. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा महाग कॅमेरे आहेत, ड्रोन आहे, गिंबल आहे, आणि रात्री बाराला डीजेच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांखाली नाचणाऱ्या माणसाच्या त्वचेचा रंग बिघडू न देण्याचे असे कौशल्य आहे की मी त्यापुढे हात टेकले. त्यातल्या एकाशी माझी ओळख झाली. त्याने माझे फोटो पडद्यावर सरकवत शांतपणे पाहिले आणि विचारले, ‘ताई, तुमच्या फोटोत सगळे म्हातारेच कसे?’ मी म्हटले, खाडीत आता म्हातारेच जातात. तो म्हणाला, ‘खाडीत जातात म्हणून काय गावात तेच राहतात?’

मग त्याने त्याचे फोटो दाखवले. गळ्यात जाड सोनसाखळी आणि डोळ्यांवर गॉगल लावून उभे असलेले भाऊ, एकसारख्या रंगाच्या नऊवारीतल्या वीस-पंचवीस बायका, हळदीने पिवळा झालेला नवरदेव, मागे फुलांची कमान. सगळे तरुण, सगळे आनंदात, आणि सगळ्यांना आपण कसे दिसतो याची पक्की जाणीव. माझ्या फोटोंत या माणसांचे काम होते, त्याच्या फोटोंत त्यांची ऐट. एका गोष्टीवर मात्र मी त्याच्याशी वाद घातला. हळदीच्या त्याच्या चित्रफितीत धवलारीण बाई धवले, म्हणजे पारंपरिक लग्नगीते, गाताना दिसत होत्या, ओठ हलत होते, आणि आवाज मात्र रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा होता. मी म्हटले, त्यांचा आवाज का काढलास? तो म्हणाला, गिऱ्हाईक मागत नाही. मी म्हटले, गिऱ्हाईक दहा वर्षांनी मागेल तेव्हा तो कुठून आणशील? यावर त्याने फक्त एवढे सांगितले की मूळ फाइल तो पुसत नाही. मला ते पुरेसे वाटले.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली आहेत ती मी अधूनमधून पुन्हा पाहते. त्यांत काम आहे, आणि कामानंतरचे घरही आहे. माझ्या संग्रहात घर नाही, कारण घर काढू देत नाहीत. आणि त्या मुलाच्या संग्रहात घर आहे, पण ते मंडपाने झाकलेले आहे. गावठाणातल्या घराचा उघडा, साधा, दिवसाचा फोटो आम्हा दोघांकडेही नाही.

त्या मुलाच्या चुलत्याकडे मात्र तो आहे. त्यांनी स्वतः मोबाइलवर काढलेला, चारही बाजूंनी, वीजबिलासह. या काकांची फाइल मी पाहिली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, जुने रेशनकार्ड, मच्छीमार सोसायटीचे सभासदपत्र आणि फोटो. ती फाइल मला दाखवण्यामागे त्यांचे काम होते. खाडीत पूल, जेट्टी, भराव असे काही आले की नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहतो. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी तर तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने मच्छीमारांच्या भरपाईची बाजू उचलून धरली. ज्याची नोंदलेली होडी आहे त्याच्याकडे दाखवायला कागद असतो. पण जो पायी चिखलात उतरतो, पाग टाकतो, किंवा जी बाई हाताने निवट्या-कालवे काढते, तिच्या धंद्याला ना परवाना ना नोंदणी. ती मासेमार आहे याला पुरावा काय? काकांना माझे फोटो हवे होते, आणि त्यांना हवे असलेले फोटो मी निवडलेले नव्हते. अष्टमीच्या दुपारचे, कठोर उन्हातले, मागे इमारत असलेले, चेहरा आणि जाळे दोन्ही एकाच चौकटीत असलेले फोटो त्यांनी बाजूला काढले. सोनेरी सकाळचे सगळे परत दिले.

‘मागं तारीख लिव,’ ते म्हणाले. मी प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ आणि जागा लिहिली. तिथीही लिहिली, म्हणजे भरती-ओहोटी कुणालाही ताडून पाहता येईल. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलमध्ये या नोंदी असतातच, आणि त्या फाइली मी वेगळ्या ठेवल्या. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. हे फोटो मी काढले आहेत आणि ही माणसे मी मासेमारी करताना पाहिली आहेत असे माझ्या सहीने लिहून द्यायचे होते. त्यांचा पुतण्या इतकी वर्षे कॅमेरा चालवतो, त्याचे का नको, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली. ‘तो घरचा. घरच्याची साक्ष कोन धरतंय? बाहेरची पायजे.’

मी लिहायला बसले आणि आमचे पहिल्याच ओळीवर अडले. त्यांना ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हवे होते. मी म्हटले, काका, पिढ्या मी पाहिलेल्या नाहीत; मी नेरूळला आले तेव्हापासूनचेच मला लिहिता येईल, तेही ज्या दिवशी मी तिथे होते त्या दिवसांचेच. त्यांनी ‘कायम’ सुचवले. मी ‘वारंवार’ लिहिले. त्यांनी घराचाही उल्लेख करायला सांगितला, आणि मग स्वतःच विचार करून तो नको म्हणाले. शेवटी नाव, सही आणि पत्ता. पत्त्यात सेक्टर आणि इमारतीचे नाव लिहिताना ते वाकून वाचत होते. ती जागा पूर्वी कुणाच्या मालकीची होती हे त्यांनी मला सहज सांगितले, त्या घराण्याच्या नावासकट, आणि कागद फुंकून वाळवला.

सगळे वाचून झाल्यावर ते फारसे खूश नव्हते. मजकूर त्यांना तोकडा वाटला. मी त्यात आणखी काही घालणार नाही हे त्यांनी ओळखले आणि कागद फोटोंच्या मागे लावून पिशवीची गाठ मारली. ‘ऱ्हाव दे,’ ते म्हणाले, ‘बाकीचा सोसायटी लिवंल.’